घरकर्ज थकलं असताना नादारीचा अर्ज: घराचं काय होतं आणि त्याआधी काय करायचं

नादारीचा अर्ज टाकला की बँक घराला हात लावू शकत नाही, असं तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या टपरीपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे सांगितलं जातं. गहाण घराच्या बाबतीत हे चूक आहे. नादारीचा, म्हणजे व्यक्तिगत दिवाळखोरीचा, कायदा बिगरतारणी देणेकऱ्यांना, म्हणजे तारण न घेता पैसे दिलेल्यांना, थांबवतो. तारण घेऊन बसलेल्या बँकेला तो थांबवत नाही. त्यामुळे घर वाचवायचं असेल तर धावपळ बँकेच्या नोटिशीतल्या तारखांवर करायची असते. नादारीचा उपयोग झालाच तर त्यानंतर होतो.

आधी कायदा कोणता ते

2016 च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे. पण तो 1 डिसेंबर 2019 पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता लागू केला आहे. साध्या शेतकऱ्याला, शिक्षकाला किंवा किराणा दुकानदाराला तो लागू नाही. व्हिडिओंमधून गाजणारी 'फ्रेश स्टार्ट', म्हणजे अगदी गरीब माणसाला छोट्या कर्जातून सोडवणारी, योजना त्याच न लागू झालेल्या भागातली आहे. तिची अट बघा: वर्षाचं उत्पन्न 60 हजारांच्या आत, पात्र कर्ज 35 हजारांच्या आत आणि नावावर राहतं घर नसलेलं. घरकर्जवाल्याला ती उद्या लागू झाली तरी उपयोगाची नाही.

यवतमाळ, वाशीम, वर्धा, भंडारा, गडचिरोली, म्हणजे राज्यात मुंबई शहर सोडून सगळीकडे आजही 1920 चा प्रांतीय नादारी कायदा चालतो. अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयात होतो. कलम 28 नुसार नादार ठरवल्यावर अर्जदाराची मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसिव्हरकडे (कोर्टाने मालमत्ता सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे) जाते आणि देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुली करता येत नाही. मात्र त्याच कलमाचं पोटकलम 6 सांगतं की तारणधारकाचा तारण विकून पैसे वसूल करण्याचा अधिकार अबाधित राहतो. घराची कागदपत्रं बँकेत ठेवून कर्ज घेतलं असेल तर बँक हीच ती तारणधारक.

दुसरी गल्लत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 वरून होते. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेलं घर, शेतीची अवजारं, गरजेपुरती जनावरं आणि बियाणं यांना हुकूमनाम्याच्या जप्तीतून सूट आहे, हे खरं. म्हणजे हातउसने देणाऱ्याने किंवा कृषी केंद्रवाल्याने दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणला तरी शेतकऱ्याचं राहतं घर तो जप्त करू शकत नाही, आणि त्यासाठी नादार व्हायचीही गरज नाही. पण तुम्ही स्वतःच घर गहाण दिलं असेल तर त्या गहाणाच्या वसुलीपुढे ही सूट चालत नाही.

वावराचा हिशेब आधी करा

घर वाचवायला जाऊन वावर घालवण्याची वेळ इथे येते. कलम 60 मध्ये शेतकऱ्याच्या घराला सूट आहे, शेतजमिनीला नाही. नादारीचा हुकूम झाला की तुमच्या नावावरची बिनबोजाची जमीन रिसिव्हरकडे जाते. वडिलोपार्जित असेल तर तुमचा हिस्सा तरी जातोच, आणि बाप कर्ता असेल तर पोरांच्या हिश्शावरूनही वाद निघू शकतो. शिवाय नादार ठरल्यापासून मुक्तता, म्हणजे उरलेल्या देण्यातून सोडवणारा कोर्टाचा हुकूम, मिळेपर्यंत वारसाने किंवा इतर मार्गाने जे मिळेल तेही त्यातच धरलं जातं. उलट, सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला दिवाणी दावा न लावता तारण विकू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 31 नुसार शेतजमिनीवरच्या तारणाला तो कायदाच लागू होत नाही. म्हणजे घरकर्ज थकल्यावर बँक गावठाणातलं घर घेईल, पण त्या कायद्याखाली वावरावर येणार नाही. नादारीचा अर्ज करून तुम्ही तेच वावर स्वतःहून पुढे करता. तीन-चार एकर तरी नावावर आहे आणि मुख्य कर्ज घराचंच आहे, अशा माणसाने हा अर्ज करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कागद काढून बघा. सातबारावर पीककर्जाचा बोजा वेगळा आणि घरकर्जाचा वेगळा असतो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर किंवा स्वामित्व योजनेतल्या मिळकत पत्रिकेवर घर कोणाच्या नावाने आहे, मंजुरीपत्रात सहकर्जदार कोण आहे, जामीनदार कोण आहे, हे एका कागदावर लिहून काढा. घर शेतात बांधलेलं असेल तर त्या जागेचा अकृषक आदेश झाला आहे का, ते तपासा. तो नसेल आणि जमीन खरोखर वहितीत असेल तर कलम 31 चा मुद्दा तुमच्या बाजूने निघू शकतो.

तारखांचं गणित

समजा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला आहे आणि 5 जुलैचा चुकला. 30 दिवसांपर्यंत खातं एसएमए-0, 60 पर्यंत एसएमए-1, 90 पर्यंत एसएमए-2 (एसएमए म्हणजे थकू लागल्याची बँकेची खूण), आणि 3 ऑक्टोबरच्या दिवसअखेर ते एनपीए, म्हणजे थकीत खातं. आता गावाचं कॅलेंडर बाजूला ठेवा. जुलै ते सप्टेंबर पेरणी, निंदण, फवारणी, म्हणजे पैसा फक्त बाहेर जातो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोयाबीन मळणीत असतं आणि कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या आसपास निघते. खातं एनपीए होतं आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी हातात पैसा येतो. विदर्भात घरकर्ज बुडण्याचं एक साधं कारण हे आहे. उत्पन्न वर्षाला दोनदा आणि हप्ता बारा वेळा.

यावर दोन उपाय आहेत. मार्चपर्यंत कापूस आणि तूर विकून झाली की चार महिन्यांचे हप्ते बचत खात्यात, जिथून हप्ता आपोआप कापला जातो तिथेच, ठेवून द्या. ते कर्जखात्यात 'जादा भरणा' म्हणून भरू नका. जादा भरलेले पैसे मुद्दलातून वजा होतात आणि पुढच्या महिन्याचा हप्ता तरीही उभाच राहतो, हे बऱ्याच जणांना थकल्यावर कळतं. दुसरा उपाय म्हणजे बँकेकडे हप्ता हंगामाशी जोडून, सहामाही मागणं. सगळ्या बँका देत नाहीत, पण शेतकरी कर्जदारासाठी काही बँकांच्या धोरणात ते बसतं. अर्ज लेखीच द्या आणि पोचेचा शिक्का घ्या.

एकदा एनपीए झाल्यावर एक-दोन हप्ते भरून खातं परत नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार थकलेलं मुद्दल आणि व्याज पूर्ण भरलं तरच खातं वर येतं. 12 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 20 वर्षं, असा हप्ता सुमारे 10,800 येतो. तीन हप्ते थकले म्हणजे 32,400 आणि वरून दंड आकार. 'दहा हजार भरले, आता गप्प राहतील' या भरवशावर बसलेल्याला पुढची नोटीस येतेच. दिवाळीआधी 35 हजार उसने काढून पूर्ण थकबाकी भरणं आणि सोयाबीन विकून ते फेडणं, हे तेव्हा शहाणपणाचं ठरतं.

मुदत वाढवून मागताना आकडेही समजून घ्या. याच कर्जात पाच वर्षं नियमित भरल्यावर साधारण 10 लाख 64 हजार मुद्दल बाकी असतं. उरलेली 15 वर्षं वाढवून 20 केली तर हप्ता 9,580 च्या आसपास येतो आणि 25 केली तर 8,930. महिन्याला हजार-दोन हजारांची सवलत, आणि व्याज मात्र लाखांनी वाढतं. ज्याची अडचण हप्त्याच्या रकमेची नसून वेळेची आहे, त्याला मुदतवाढीने फारसं साधत नाही.

नोटीस आल्यावर

सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस 60 दिवसांत पूर्ण रक्कम मागते. पोस्टमन आला की परत पाठवायची, ही खोड महागात पडते, कारण घ्यायला नकार दिला तरी नोटीस बजावली असंच धरलं जातं. ती घ्या, पाकिटासकट जपून ठेवा आणि आत काय लिहिलंय ते बघा: रक्कम कशी काढली, सगळ्या सहकर्जदारांना आणि जामीनदारांना पाठवली का, घराचा क्रमांक आणि चतुःसीमा बरोबर आहे का. थकबाकी मुद्दल-व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी उरली असेल, म्हणजे कर्ज बहुतेक फेडून झालं असेल, तर हा कायदा वापरता येत नाही. तारण कर्ज एक लाखाच्या आत असेल तरीही नाही.

60 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या. बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. हरकतीत रडगाणं नको, मुद्दे हवेत: अमुक पावत्या जमा धरल्या नाहीत, दंडावर व्याज लावलं आहे (1 एप्रिल 2024 पासून नव्या कर्जांत दंड हा 'आकार' म्हणूनच लावायचा, त्यावर चक्रवाढ करायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि जुनी कर्जंही नंतर त्यात आली), पुनर्रचनेचा अर्ज अमुक तारखेला दिला आणि उत्तर आलं नाही. सोबत भरण्याचा प्रस्ताव जोडा, कोणत्या महिन्यात किती ते लिहून.

ही नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता, भाड्याने किंवा पट्ट्याने देता येत नाही. संमती घेऊन मात्र विकता येतं, आणि घर राहणारच नाही असं दिसत असेल तर हाच मार्ग सर्वात कमी तोट्याचा. लिलावात गावठाणातल्या घराला भाव येत नाही. गावातलं कोणी दुसऱ्याच्या जप्तीच्या घरावर बोली लावायला सहसा पुढे येत नाही आणि बाहेरचा माणूस पाडून भाव मागतो. भावकीतला किंवा शेजारचा गिऱ्हाईक शोधा, बँकेकडून बाकीचं पत्र घ्या आणि पैसे थेट कर्जखात्यात भरायला लावा.

60 दिवस उलटले की कलम 13(4) खाली घरावर ताब्याची नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक मराठी असतं. इथून 45 दिवस मोजायचे. या मुदतीत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम 17 चा अर्ज करता येतो. कर्जदारासाठी फी ठरलेली आहे: 10 लाखांच्या आतलं देणं असेल तर प्रत्येक लाखामागे 500 रुपये, त्यापुढे 5,000 आणि वरच्या प्रत्येक लाखाला 250. साडेअकरा लाखांच्या देण्याला 5,500 होतात. वकिलाची फी वेगळी. नुसता अर्ज दाखल करून कारवाई थांबत नाही, स्थगिती मागावी लागते, आणि न्यायाधिकरण ती देताना थकबाकीचा काही भाग भरायला सांगू शकतं. ती सोय आधी करून ठेवा.

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा दावा टाकणं हा इथला सर्रास होणारा घोटाळा आहे. सरफेसीच्या कारवाईत दिवाणी कोर्टाला कलम 34 ने अधिकारच ठेवलेला नाही. दावा फेटाळला जाईपर्यंत ते 45 दिवस निघून जातात.

प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि मग महसूल कर्मचारी पोलीस घेऊन दारात येतात. त्या दिवशी भांडू नका. घरातलं सामान, धान्याची पोती, मोटार-पंप, आईचे दागिने, सगळ्याचा पंचनामा करून घ्या आणि प्रत मागा. पहिल्या लिलावाची नोटीस निदान 30 दिवसांची असते. लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंत पूर्ण बाकी भरून घर सोडवण्याचा हक्क राहतो, त्यानंतर नाही. लिलावातून कर्ज फिटून काही उरलं तर ती रक्कम तुमची. न मागता मिळेल असं समजू नका, लेखी मागा.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता वेगळा. तिथे सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला निघतो आणि विशेष वसुली अधिकारी वसुलीला येतो. त्या दाखल्याविरुद्ध कलम 154 खाली पुनरीक्षण करायला आधी 50 टक्के रक्कम भरावी लागते, म्हणून हिशेबावरची हरकत दाखला निघण्याआधीच सुनावणीत नोंदवा. सहकारी बँकांना मात्र सरफेसी वापरता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि सावकाराने 'तारण' म्हणून घराचं खरेदीखत करून घेतलं असेल तर 2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. 15 वर्षांच्या आतल्या अशा व्यवहारांची चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते.

कर्जमाफीची वाट बघून हप्ता थांबवणारे दरवर्षी निघतात. 2017 ची आणि 2019 ची, दोन्ही कर्जमुक्ती योजना शेतीकर्जाच्या होत्या. घरकर्ज त्यांत नव्हतं.

तडजोड

एकरकमी तडजोडीचं बोलणं तोंडी कितीही गोड झालं तरी मंजुरीपत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. पत्रात चार गोष्टी हव्यात: एकूण रक्कम, शेवटची तारीख, भरल्यावर कारवाई मागे घेण्याचा शब्द आणि कागदपत्रं परत करण्याचा उल्लेख. तारीख हुकली की तडजोड रद्द होते आणि भरलेली रक्कम मूळ कर्जात जाते, म्हणून मोंढ्यातले पैसे येण्याच्या अंदाजापेक्षा महिनाभर पुढची तारीख मागा. राष्ट्रीय लोकअदालतीतली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. तालुका विधी सेवा समितीत मोफत वकील मिळतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मदतीचा क्रमांक 15100.

वसुलीवाला सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करत असेल, बायकोला किंवा शेजाऱ्यांना बोलत असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. 14448 वर माहिती मिळते.

मग नादारी कुणासाठी

घर लिलावात गेलं, तरी दोन-तीन लाख बाकी राहिले, वर कृषी केंद्राची उधारी, मायक्रोफायनान्सचे हप्ते, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरकर्जाचा जामीन, आणि नावावर जमीन नाही किंवा नगण्य आहे. अशा माणसाला हा कायदा श्वास घ्यायला जागा देतो. लिलावानंतरची बाकी ही बिगरतारणी होते आणि बँकेला ती इतर देणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहून मागावी लागते.

देणं 500 रुपयांपेक्षा कमी नसावं आणि ते फेडण्याची ऐपत नसावी, एवढीच मूळ अट. आकडा 1920 चाच आहे. अर्जात सगळे देणेकरी, त्यांचे पत्ते, प्रत्येकाची रक्कम, तुमची सगळी मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे, आधी असा अर्ज केला होता का, हे सगळं लिहावं लागतं. मुकाट्याने एखाद्या मेव्हण्याचं नाव गाळू नका आणि बैलजोडीही लपवू नका. सूट असलेली वस्तू दाखवून सूट मागायची असते. मालमत्ता लपवली तर कलम 69 खाली वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

अर्जाआधी केलेले व्यवहार कोर्ट उकरून काढतं. बायकोच्या किंवा भावाच्या नावाने केलेलं बक्षीसपत्र त्यानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला तर रद्द होऊ शकतं. तीन महिन्यांच्या आत एकाच देणेकऱ्याला मुद्दाम झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर तेही. गहाण घराच्या बाबतीत बक्षीसपत्राचा तसाही काही फायदा नाही, बँकेचा बोजा घराबरोबरच जातो.

नादारीने सहकर्जदार आणि जामीनदार सुटत नाहीत. कलम 44 मध्ये हे स्पष्ट आहे. कर्जावर बायकोची सही सहकर्जदार म्हणून असेल तर तिच्याकडून पूर्ण वसुली चालू राहते, आणि जामीन राहिलेल्या शिक्षक मित्राच्या पगारावर बँक जाते. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी हेही मुक्ततेनंतर शिल्लक राहतं.

मुक्तता मिळेपर्यंत नादार माणूस ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकत नाही. आणि आपण नादार आहोत हे न सांगता त्याने 50 रुपयांची उधारी केली तरी कलम 72 चा गुन्हा होतो, सहा महिन्यांपर्यंतची कैद. कृषी केंद्रातून खताची एक बॅग वहीवर लिहून आणताना दुकानदाराला आधी हे सांगावं लागेल.

नादार ठरवताना कोर्ट मुक्ततेच्या अर्जासाठी मुदत ठरवून देतं. ती तारीख घरातल्या दुसऱ्या कुणालातरी सांगून ठेवा, कारण ती चुकली तर नादारीचा हुकूम रद्द होऊ शकतो, देणेकरी पुन्हा मोकळे होतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय दुसरा अर्ज करता येत नाही. मुक्ततेचा हुकूम मिळाला की प्रमाणित प्रती जास्तीच्या काढा. एक बँकेला, एक सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीला, आणि एक स्वतःकडे, सातबाऱ्याच्या फायलीत.